मृत्युंजय
(मंडळाच्या लातूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण, काही ठिकाणी विस्तारून)



यंदाच्या स्मरणिकेत ‘आपल्या समाजाची भूषणे’ असा एक नवा विभाग काढावा, असे कार्यकारिणीने ठरविले, तेव्हा मठाधिपती, स्वातंत्र्यसैनिक, कारखानदार, डॉक्टर यांची चरित्रे लिहिण्याची कामे भराभर वाटली गेली. गवई तेवढे शिल्लक राहिले. शाळेत तीस वर्षे मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेतल्याचा आमचा लौकिक असल्यामुळे ते काम आमच्याकडे आले. चिटणीसांनी एक छापील तक्ता हाती दिला: नाव, गाव, पोटजात, जन्म, शिक्षण, मिळालेले मान, छायाचित्र. तो भरून आणावयाचा, एवढेच काम. पहिले नाव अर्थातच पंडित मल्लिकार्जुन मन्सूर यांचे. त्यांचे धारवाडचे राहते घर आता स्मारक म्हणून जतन केलेले आहे व ते कोणासही पाहता येते, असे कळल्यावरून आम्ही, आमचे एक व्याही आणि मंडळाचे कोषाध्यक्ष असे तिघेजण गेल्या माघ महिन्यात तिकडे जाऊन आलो. त्या भेटीचा वृत्तांत आज सांगावयाचा आहे. तक्ता मात्र आम्ही कोराच परत आणला आहे. तो का, हे ओघात येईलच.

प्रवासाचे वर्णन करून आपला वेळ घेत नाही. लातूरहून सोलापूर, तेथून रेल्वेने विजापूर, बागलकोट, गदग करीत हुबळी, आणि पुढे धारवाड. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. विजापूर मागे पडले आणि डब्यातील मराठी बोलणे विरळ होऊ लागले. समोरच्या बाकावर एक म्हातारी नातवाला काही सांगत होती. शब्द कळत नव्हते, पण तो हेल आमच्या ओळखीचा होता. आमच्या आजीचे माहेर उदगीरकडचे. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पूर्वी बिदर जिल्ह्यात होते आणि आपल्या कित्येक घरांतून देवघरात कानडी व अंगणात मराठी अशी दोन्ही भाषांची वहिवाट होती. आजी आम्हांला निजविताना जे गुणगुणे, ते कानडी असे. राज्यपुनर्रचना झाली, शाळा मराठी झाल्या, आणि दोन पिढ्यांत देवघरातील भाषा गेली. आम्हांस आज कानडीचे दहा-वीस शब्द येतात, तेही बहुतेक खाण्याच्या पदार्थांचे.

धारवाडात पोचलो तो सकाळ सरत आली होती. घराचे नाव ‘मृत्युंजय’. एवढ्या मोठ्या गवयाचे घर म्हणजे वाडा असावा, झुंबरे असावीत, अशी आमच्या कोषाध्यक्षांची कल्पना होती. प्रत्यक्षात ते एका मध्यमवर्गीय गृहस्थाचे घर निघाले. आपल्याकडे एखाद्या निवृत्त मामलेदाराचे असावे, तसे. भिंतींवर छायाचित्रे, सन्मानपत्रे; वापरातल्या वस्तू; तानपुरे. कोषाध्यक्ष दारातच म्हणाले, “गुरुजी, एवढंच?” आम्ही त्यांना चपला बाहेर काढावयास सांगितले.

आता थोडे चरित्र. मन्सूर हे धारवाडजवळचे एक खेडे. तेच त्यांचे आडनाव. तेथे ३१ डिसेंबर १९१० रोजी मल्लिकार्जुनांचा जन्म झाला. वडील भीमरायप्पा हे शेतकरी, गावचे पुढारी. घरात गाण्याची परंपरा अशी नव्हती, परंतु वडिलांना गाण्या-नाटकांचा विलक्षण नाद. वडील बंधू बसवराज नाटकमंडळीत होते. मल्लिकार्जुन नऊ वर्षांचे असताना बापाने त्यांनाही नाटकमंडळीत धाडले. तेथे त्यांचा कोवळा आवाज अप्पय्यस्वामी या कर्नाटक संगीताच्या जाणकारांच्या कानी पडला आणि पहिले धडे त्यांच्यापाशी झाले. पुढे मिरजेचे नीलकंठबुवा आलूरमठ यांनी त्यांना शिष्य करून घेतले. नीलकंठबुवा ग्वाल्हेर घराण्याचे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरहून जो ख्याल महाराष्ट्रात आणला, त्या गंगेचे हे पाणी. त्यानंतर योग आला तो जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ यांच्या घराशी. खाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ यांनी मुंबईस त्यांना तालीम दिली. १९३७ मध्ये मंजीखाँ अकाली गेले. ऐन भरात शिष्य पोरका झाला, तेव्हा धाकटे बंधू भुर्जीखाँ यांनी त्यांस जवळ केले आणि तालीम पुढे चालू ठेवली. आकाशवाणीच्या धारवाड केंद्राचे संगीत सल्लागार, कर्नाटक विद्यापीठाच्या संगीत विभागाचे प्रमुख, १९७० मध्ये पद्मश्री, १९७६ मध्ये पद्मभूषण, १९९२ मध्ये पद्मविभूषण, आणि त्याच वर्षी १२ सप्टेंबरला धारवाड येथे देहावसान. २०१४ मध्ये भारतीय डाक खात्याने ज्या आठ संगीतकारांची तिकिटे काढली, त्यांत तेही आहेत.

हे सारे कोणत्याही पुस्तकात मिळते, आणि त्यासाठी धारवाडास जावे लागत नाही. जावे लागते ते वेगळ्याच कारणासाठी.

आम्ही खोल्यांतून फिरत असताना तेथील व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांनी पंडितजींचे ध्वनिमुद्रण लावले. ते गृहस्थ कानडी बोलत आणि अडले म्हणजे धारवाडी वळणाचे मराठी. आम्ही पंडितजींना प्रथम ऐकले ते नांदेडास, आमच्या तरुणपणी, शनिवारी रात्री आकाशवाणीवर लागणाऱ्या अखिल भारतीय कार्यक्रमात. खरे सांगावयाचे तर त्या वेळी फारसे कळले नव्हते. गवयाने आधी संथ आलाप करावा, मग हळूहळू लय वाढवावी, शेवटी तानांचा पाऊस पाडावा, अशी आमची समजूत. येथे हा गवई पहिल्या आवर्तनापासूनच चालू लागतो, कोठे थांबून टाळ्यांची वाट पाहत नाही, आणि एक स्वरवाक्य संपले असे वाटते तोच त्याच्या शेपटातून दुसरे निघते. त्या किरकोळ देहात एवढा दमसास कोठून येई, हे कोडेच आहे.

त्यांच्या घराण्याचे वैशिष्ट्य म्हणजे जोडराग व अनवट राग. दोन रागांचा सांधा करून तिसरा उभा करावयाचा, पण सांधा दिसू द्यावयाचा नाही. आपल्या बायाबापड्या वाकळ शिवतात, तिचे प्रत्येक ठिगळ वेगळे दिसते, आणि त्यातच तिची शोभा. जोडराग ही वाकळ नव्हे. येथे दोन रंगांची सुते एकाच मागावर अशी विणावयाची, की कोठून पाहावे त्याप्रमाणे रंग पालटावा. शुद्ध नट, खट, लच्छासाख, शिवमत भैरव, संपूर्ण मालकंस असे राग, जे इतर गवई वर्षाकाठी एखादे वेळी भीत-भीत काढीत, ते मन्सूरांच्या मैफलीत रोजच्या भाजी-भाकरीसारखे येत. यातील बहुतेक ठेवा अल्लादियाखाँच्या घरचा. बाहेरच्यास सहजी न मिळणारा हा ठेवा त्या घराने एका कानडी शेतकऱ्याच्या मुलास ओंजळी भरभरून दिला.

आमचे व्याही या ठिकाणी म्हणाले, “गुरुजी, उस्तादांकडं शिकले हे खरं. पण शेवटी रक्त आपलंच की!”

यावर आम्ही तेथे काही उत्तर दिले नाही, कारण दुसऱ्याच्या घरात वाद करू नये. शिवाय त्या क्षणी ते बोलणे आम्हांसही गोडच वाटले होते. पण थोड्या वेळाने आम्ही तक्ता काढून भरावयास बसलो. नाव लिहिण्यासाठी लेखणी टेकविली, आणि ‘शिक्षण’ या रकान्यापाशी नजर जाऊन अडली. शाळेत हा मुलगा रमला नाही. मग काय लिहावे? अप्पय्यस्वामी, नीलकंठबुवा, मंजीखाँ, भुर्जीखाँ, हीच त्यांची विद्यालये. ती नावे ‘पोटजात’ या रकान्याच्या शेजारी लिहिताना हात थबकला. नीलकंठबुवांचा मठ कोणता, ते आपले की परके, हे कोणी विचारील. मंजीखाँच्या नावापुढे काय लिहावे, हेही कोणी विचारील. कल्याणच्या अनुभवमंटपात हरळय्या, नुलिय चंदय्या, अंबिगर चौडय्या हे ज्या आसनांवर बसले, तेथे असा तक्ता कोणी फिरविला नव्हता. ते कल्याण आपल्या लातूरपासून काही फार लांब नाही. आपल्यापैकी बहुतेकजण बसवकल्याणास एकदा तरी जाऊन आलेले आहेत.

याचा अर्थ पंडितजींना आपल्या धर्माचे वावडे होते, असा मात्र कोणी करू नये. ते निष्ठावंत शिवभक्त होते. बसवण्णांची व अक्कमहादेवींची वचने त्यांनी रागदारीत बसवून गायिली आणि घरोघर पोचविली. त्या दुपारी त्या गृहस्थांनी दुसरी ध्वनिफीत लावली ती एका वचनाचीच होती. ख्यालात ज्या गळ्याने आम्हांला दिपवून सोडले होते, तोच गळा येथे अगदी साधा होऊन, शब्दाला हाताला धरून चालल्यासारखा चालत होता. आमच्या डोळ्यांस पाणी आले. मग अर्थ विचारावा म्हणून आम्ही त्या गृहस्थांकडे वळलो, आणि त्यांनी आश्चर्याने विचारले, “तुम्ही लिंगायत ना? मग वचन कळत नाही?” ते सहज बोलले, टोचावे म्हणून नव्हे. पण आम्ही तिघेही खाली पाहू लागलो. रक्त आपले, वचने आपली, गळाही आपला म्हणावयाचा. आणि अर्थ मात्र दुसऱ्याने सांगावयाचा! त्यांनी अर्थ सांगितला. तो आम्ही वहीत उतरवून घेतला आहे.

आता आम्हांस जे सांगावयाचे आहे, त्याकडे येतो. ते सांगावे की नाही, याचा आम्ही बरेच दिवस विचार करीत होतो.

त्या घरात एका बाजूला बसलो असता आमच्या मनात सारखी एकच गोष्ट घोळत होती: भीमरायप्पांनी नऊ वर्षांचा मुलगा नाटकमंडळीत धाडला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, एका खेड्यातील प्रतिष्ठित शेतकऱ्याने! नाटकवाले म्हणजे त्या काळी काय समजले जात, हे वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. शेजाऱ्यांनी काय म्हटले असेल, घरच्या बायका काय बोलल्या असतील? पण बापाने मुलाचा गळा ऐकला होता.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही लातूर जिल्ह्यातील एका खेड्याच्या शाळेत सातवीचा वर्ग शिकवीत होतो. शाळेचे व गावाचे नाव सांगत नाही. वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील गावच्या शिवभजनी मंडळात पखवाज वाजवीत. अखंड शिवनाम सप्ताहात तो मुलगा मन्मथस्वामींचे अभंग म्हणे, आणि तो उभा राहिला म्हणजे मंडपाबाहेर विड्या ओढणारी माणसेसुद्धा आत येऊन बसत. तालुक्याच्या गावी एक संगीतशिक्षक होते. त्यांनी त्याला सप्ताहात ऐकले आणि आठवड्यातून दोन दिवस माझ्याकडे पाठवा, फी नको, असे वडिलांना सांगितले. वडील आमच्याकडे विचारावयास आले. हातात टोपी घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, तुम्ही म्हणाल तसं.”

तो काळ आपणांस आठवत असेल. लातूरचे नाव दहावी-बारावीच्या निकालांमुळे राज्यभर गाजू लागले होते. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द रूढ होत होता आणि खेड्यातील बापालाही आपला मुलगा डॉक्टर झालेला दिसू लागला होता. आमच्या त्या विद्यार्थ्याचे गणित उत्तम. सातवीला स्कॉलरशिपची परीक्षा. त्यात शाळेचे नाव फळ्यावर लागावे, ही आमची ईर्ष्या. आम्ही वडिलांना सांगितले, “यंदा परीक्षेचे वर्ष आहे. पुढे पाहू. गाणे कोठे पळून जात नाही.” एवढ्यावर न थांबता वर्गाच्या वेळापत्रकातला संगीताचा तास आम्ही त्या वर्षी गणिताला जोडून घेतला. कोणी हरकत घेतली नाही. मुख्याध्यापकांनी कौतुकच केले.

मुलाला स्कॉलरशिप मिळाली. फळ्यावर नाव लागले. पुढे तो लातुरास आला, शिकवण्या लावल्या, बारावीस थोडे गुण कमी पडले, आणि ज्या दारासाठी सारा खटाटोप होता ते दार उघडले नाही. आज तो मोंढ्यावर एका आडतीत मुनीम आहे. सोयाबीन-तुरीचे हिशोब तो चोख ठेवतो, प्रामाणिक आहे, घरदार नीट आहे. त्या कामात कमीपणा काहीच नाही, आणि तो गवई झाला असता तर मन्सूर झाला असता, असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. हजारांत एखादा होतो. पण तो गातच नाही, ही गोष्ट वेगळी आहे. चाळिशी ओलांडलेला तो माणूस सप्ताहात मागे बसतो आणि टाळसुद्धा धरीत नाही.

हे सारे आम्हांला धारवाडच्या त्या घरात आठवले. कोषाध्यक्षांनी विचारले, “गुरुजी, तब्येत बरी नाही का?” आम्ही उन्हाचे कारण सांगितले.

दुसरे दिवशी सकाळी आम्ही शुक्रवारपेठेत गंगूबाई हनगल यांचे जन्मघर पाहावयास गेलो. ‘गंगोत्री’ नावाचे हे घर संग्रहालय व्हावे म्हणून कर्नाटक शासनाने दुरुस्त करून घेतले होते. वेळेच्या अभावी आम्ही ते बाहेरूनच पाहिले. गंगूबाई ५ मार्च १९१३ रोजी जन्मल्या. घराणे नावाडी समाजाचे. आई अंबाबाई या कर्नाटक संगीत गाणाऱ्या, पण मुलीचा ओढा हिंदुस्थानी गायनाकडे आहे असे दिसताच तिच्या कानांवर दुसरे संस्कार नकोत म्हणून त्या माउलीने आपले गाणे आवरले, असे सांगतात. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसला महात्माजी अध्यक्ष होते. तेथे ही अकरा वर्षांची मुलगी स्वागतगीत गायिली. गाणे झाले, परंतु जेवणाच्या वेळी आपणांस उष्टी काढावयास सांगतील की काय, अशी धास्ती तिच्या मनात होती. हे गंगूबाईंनीच पुढे सांगितलेले आहे. सवाई गंधर्वांकडे शिकण्यासाठी त्या हुबळीहून कुंदगोळला आगगाडीने जात. आमच्या व्याह्यांना आम्ही हा प्रसंग त्या घरासमोर उभे राहून सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, “मग रक्ताचं काय घेऊन बसलो आपण?” वाद न करता आमचे उत्तर परस्पर दिले गेले, याचे आम्हांस समाधान वाटले.

परतताना गदगला उतरून वीरेश्वर पुण्याश्रम पाहिला. हानगलच्या कुमारस्वामींच्या प्रेरणेने पंचाक्षरी गवई यांनी वाढविलेला हा आश्रम. पंचाक्षरी गवई जन्मांध. त्यांच्यामागे १९४४ पासून पुट्टराज गवई यांनी तो चालविला, तेही दृष्टिहीन. २०१० मध्ये ते लिंगैक्य झाले. बसवराज राजगुरू हे याच परंपरेतले. येथे अंध, अनाथ, गरीब मुलांना अन्न, निवारा व गायन-वादन मिळते आणि जात विचारली जात नाही. हे आपल्याच समाजाच्या सत्पुरुषांनी केलेले काम आहे. आमच्या मते अभिमान धरावयाचा तर याचा धरावा. येथे तो धरण्यास रकाने लागत नाहीत.

नांदेडच्या मंडळींना हे थोडे परके वाटू नये. सचखंड गुरुद्वाऱ्यात शबदकीर्तन चालते, ते रागांतच. ज्यांची दुकाने त्या बाजूस आहेत त्यांच्या कानांवर आसा आणि भैरव आपसूक पडत असतात. आपली कार्तिकातली कपिलधारची यात्रा, सप्ताहातली पहाटेची पदे, यांतही राग आहेतच. गाणाऱ्याला त्यांची नावे ठाऊक नसतात, एवढेच. मराठवाड्यात गाणे नाही, असे जे म्हणतात ते आम्हांस मान्य नाही. गाणे आहे, त्याला वेळापत्रकात तास नाही.

आता मंडळापुढच्या प्रश्नाविषयी. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळविणाऱ्यांना शाल, श्रीफळ व रोख रक्कम मिळते. दहा वर्षांपूर्वी आपल्या महिला शाखेतील एका भगिनीने सूचना मांडली होती की, गायन-वादनात प्रगती करणाऱ्या एका मुलास किंवा मुलीस वर्षभर शिक्षणाचा खर्च मंडळाने द्यावा. ती सूचना फेटाळली गेली. कोणी फेटाळली, हे इतिवृत्तात आहे: आम्ही. “गाण्याला टक्के नसतात, निवड कशी करणार?” असे आम्ही म्हणालो होतो, आणि सभागृह हसले होते. त्या भगिनी आज येथे उपस्थित आहेत. आम्ही त्यांची सर्वांसमक्ष क्षमा मागतो.

तीच सूचना या वेळी आम्ही आमच्या सहीने दिली आहे. तीत दोन गोष्टी अधिक घातल्या आहेत. एक, शिकविणारा गुरू कोणत्या जातीचा वा धर्माचा, हे विचारू नये. दोन, समाजभवनाची जी वरची खोली लग्नसराईचे सामान ठेवण्यासाठी वापरली जाते, ती सोमवारी व गुरुवारी सायंकाळी मोकळी करून द्यावी. कोषाध्यक्षांनी तानपुऱ्याची किंमत काढली आहे. ती मांडववाल्याच्या एका दिवसाच्या बिलाहून कमी भरते, असे ते म्हणतात, आणि पैशांच्या बाबतीत ते अतिशयोक्ती करीत नाहीत.

धारवाडहून परत आल्यावर आम्ही मोंढ्यावर गेलो होतो. दुपारची वेळ, सौदे आटोपलेले. आमचा तो विद्यार्थी गादीवर हिशोब लिहीत होता. उठून पाया पडला, चहा मागविला. आम्ही धारवाडची हकीकत सांगितली आणि शेवटी जे बोलावयास गेलो होतो ते बोललो: त्या वर्षी आमचे चुकले. तो हसला. म्हणाला, “गुरुजी, तुम्ही माझ्या भल्यासाठीच सांगितलं. मी कधी मनात धरलं नाही.” मग थोडे थांबून म्हणाला, “आता माझा गळा नाही राहिला. पण धाकटी पोरगी गाते. माझ्याहून चांगली गाते.”

आम्ही म्हणालो, “मग तिला पाठव. खोली मिळाली तर सोमवारपासूनच सुरू करू. शिकविणारे आम्ही शोधून आणतो.”

तो हिशोबाच्या वहीकडे पाहत म्हणाला, “गुरुजी, यंदा तिचं दहावीचं वर्ष आहे. पुढं पाहू.”

ते शब्द कोणाचे, हे त्याला आठवत होते की नाही, आम्हांस कळले नाही. आम्ही चहा घेतला आणि उठलो. पुन्हा जाणार आहोत.

ठराव दुपारच्या सत्रात येईल. तक्ता कोरा आहे, तो चिटणीसांच्या स्वाधीन करतो. आणि वचनाचा जो अर्थ वहीत लिहून आणला आहे, तो ज्यांना हवा असेल त्यांनी जेवणानंतर आमच्याकडून उतरवून घ्यावा. शरणु.